गिअरवरचा हात

मी मालाच्या लॉरीवर होतो तेव्हा एका गाडीवर दोन ड्रायव्हर असत आणि पगार जोडीचा मिळे. नाशिकहून मुंबईला जाऊन परत आलं की एक फेरी झाली. फेरीचे पैसे शेठ दोघांत मिळून एकदम देई, वाटून घ्यायचं ते आम्ही. जोडीतला एक आजाराने किंवा इजेने पडला तर पैसे कोणालाच नाहीत. दुसऱ्या दिवशी पडलेल्याच्या जागी नवा माणूस बसलेला दिसे, कारण मंदीची वर्षं होती आणि काम मागणारे सकाळपासून अड्ड्याच्या फाटकाशी उकिडवे बसून असत. शेठ पंचवटीतला. माणसाचं नाव विसरे, पण लॉरीच्या अंगावरचा ओरखडा त्याच्या लक्षात राही.

माझा जोडीदार वयाने माझ्या बापाएवढा होता. जुन्या नाशकातला मुसलमान, आधी स्टेशनावर टांगा हाकायचा. मोटारी आल्या, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा घोडा विकून हा लॉरीवर चढला. मी त्याला चाचा म्हणे. खरं सांगायचं तर चाचाला मी जागेपणी फारसा पाहिलाच नाही. झोपेसाठी गाडी वाटेत थांबवायची नाही असा शेठचा दंडक होता. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे मालावर गवतात झोपायचं. घोंगडी दोघांत एकच. तो उठला की त्याच्या उबेत मी शिरे, आणि मी उठलो की माझ्या उबेत तो. बायकोच्या आवाजापेक्षा चाचाचं घोरणं मला जास्त ओळखीचं होतं, आणि हे मी घरी कधी बोललो नाही.

आमची वाटणी ठरलेली होती. सपाटीचा रस्ता माझा, घाट त्याचा. इगतपुरीला आलो की मी मागे जाऊन फळी वाजवायची, चाचाने खाली उतरून तोंडावर पाणी मारायचं आणि पुढे बसायचं. भरलेली गाडी कसाऱ्याला उतरवणं हे फक्त त्याचं काम. मी कधी मागितलं नाही आणि त्याने कधी दिलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेठ निघताना टाकीत काठी बुडवून पेट्रोल मापून देई. परत आल्यावर पुन्हा काठी बुडवी आणि जे वाचलं असेल त्याचे थोडे पैसे आम्हाला देई. पगारात पोट भरत नव्हतं, या वाचलेल्या पेट्रोलात भाजी यायची. म्हणून जरा उतार दिसला की आम्ही क्लच दाबायचा, गिअरची दांडी ओढून गाडी मोकळी सोडायची. इंजिन नुसतं फुरफुरत राही आणि गाडी फुकटात पळे. पाय आणि हात हे काम आपोआप करायचे, डोक्याला विचारायचे नाहीत. घाटात मात्र असं कधी करायचं नाही. भरलेली गाडी एकदा मोकळी सुटली की गिअर पुन्हा लागत नाही, हे चाचाने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

एकदा थंडीत तांब्या-पितळेची भांडी भरून निघायचं होतं. इंजिन गारठलेलं. इंजिन चालू करायला चाचाने गाडीच्या पुढे वाकून हँडल मारलं आणि हँडल उलटं फिरलं. उलट्या झटक्यात मोडू नये म्हणून अंगठा त्याने नेहमीप्रमाणे बोटांच्याच बाजूला ठेवला होता, तरी हँडलने त्याचा उजवा हात असा झिडकारला की कट्ट असा आवाज मला आत बसल्या जागी ऐकू आला. तो ओरडला नाही. पंचा मनगटाला गुंडाळून गाडीला टेकून उभा राहिला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"चाचा, शेठला सांगू?"

"शेठला सांगशील तर मी इथंच उतरलो समज. गाडी काढ."

मी हँडल मारलं आणि गाडी काढली. शेठ फाटकाशी उभा होता. चाचाने उजवा हात घोंगडीखाली घेतला आणि डाव्या हाताने त्याला सलाम केला. शेठने भुवया वर केल्या, पण त्याची नजर टायरांवर गेली आणि आम्ही बाहेर पडलो.

इगतपुरीपर्यंत मी चालवली. चाचा शेजारीच बसला होता, मागे झोपायला गेला नाही. दर खड्ड्याला त्याच्या तोंडून श्वास सुटे. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता. मनात एकच हिशेब चालला होता: घाट कोण उतरवणार?

इगतपुरीला मी म्हणालो, "मी उतरवतो."

"रिकामी तरी उतरवलीयस का कधी?"

"नाही."

"मग भरलेलीनं शिकू नको. सरक."

मग त्याने सांगितलं कसं करायचं ते. तो उजवीकडे चालकाच्या जागी बसणार, डाव्या हाताने स्टेअरिंग धरणार, पाय त्याचेच. गिअरची दांडी दोघांच्या मध्ये असते. ती डावीकडून मी हलवायची. त्याने क्लच दाबला की मी गिअर बदलायचा. एका गाडीत दोन ड्रायव्हर आम्ही होतोच, आता एका ड्रायव्हरचे दोघांनी तुकडे करून घेतले. मी म्हणालो, हा वेडेपणा आहे. तो म्हणाला, "वेडेपणा हाय. पण घरी चूल हाय."

पहिल्या वळणांना माझ्या हाताला घाम सुटला होता. त्याचा पाय खाली गेला की माझा हात हले, तो पाय उचले, गाडी इंजिनाने आवरलेली, कण्हत हळू उतरे. मागे भांडी किणकिणत होती. आधी तो "आता" असं म्हणे. मग म्हणेनासा झाला, गरजच उरली नाही. त्याच्या गुडघ्याकडे न बघता मला पाय कळायला लागला. मला वाटलं, जमलं. मी थोडा सैल बसलो. तोही सैल बसला असणार.

घाटाच्या मध्ये एक तुकडा आहे, तिथे उतार जरा सौम्य होतो आणि रस्ता सरळ जातो. तिथे चाचाचा पाय क्लचवर गेला आणि माझ्या हाताने दांडी ओढून गाडी मोकळी केली.

कोणी काही बोललं नव्हतं. उतार दिसला, त्याच्या पायाने वर्षांची सवय केली, माझ्या हाताने वर्षांची सवय केली. इंजिनाचं कण्हणं थांबलं आणि भांडी एकदम मोठ्याने वाजायला लागली. त्या आवाजाने आम्ही दोघे एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं.

मी दांडी परत रेटली. आतले दात करकरले, हाताला झिणझिण्या आल्या, दांडी उलटून आली. पुन्हा रेटली. पुन्हा तेच. सरळ तुकडा संपला, उतार तीव्र झाला. चाचा ब्रेकवर जवळजवळ उभा होता. आधी जळका वास आला, मग पाय नुसता खाली जायला लागला. मी हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला, वेग थोडा मोडला आणि पुन्हा वाढला. पुढच्या वळणातून बैलगाड्या वर येत होत्या. एकामागे एक, भाताच्या पोत्यांनी भरलेल्या, आणि गाडीवानांचे वर झालेले हात मला दिसले.

"डोंगराला घाल," चाचा म्हणाला. त्याचा डावा हात एकटा ते स्टेअरिंग वळवू शकत नव्हता. मी त्याच्या अंगावर झेप घेऊन स्टेअरिंग धरलं आणि माझ्याकडे ओढलं. त्याने तुटलेला उजवा हातही त्यावर टाकला. तेव्हा मात्र तो ओरडला. डावं चाक डोंगराकडच्या गटारात पडलं, मडगार्ड खडकावर घासत गेलं, दिवा फुटला, आणि पहिल्या बैलजोडीच्या अलीकडे गाडी तिरकी होऊन थांबली.

मागची भांडी मात्र थांबायला तयार नव्हती. एक हंडा फळीवरून उडाला आणि ठणठणत रस्त्याने खाली निघाला. एका गाडीवानाने तो काठीने अडवला, उचलून आणला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "पोचा पडलाय बघा." मी हसलो की रडलो, आठवत नाही. मागच्या चाकाला धोंडा लावला आणि चाचावर तुटून पडलो. म्हातारा झालास, क्लच का दाबलास, मला मारायला निघाला होतास, असं तोंडाला येईल ते बोललो.

तो खडकाला टेकून बसला होता, हात मांडीवर. माझं संपेपर्यंत थांबला.

"क्लच माझा, गिअर तुझा," तो म्हणाला. "भांडायचं कोणाशी?"

मग म्हणाला, "घोडा अशा उतारावर आपण होऊन पाय रोवतो. हिला जे शिकवलं तेच ती करणार. आपल्यालाबी पेट्रोलानं हेच शिकवलं."

गाडीवानांनी बैल लावून गाडी गटारातून ओढली. ब्रेक गार झाल्यावर उरलेला घाट मी उतरवला, पहिल्या गिअरमध्ये, आणि चाचा शेजारी बसून रस्ता सांगत राहिला. मुंबईत माल उतरवून एका हाडवैद्याकडून त्याचा हात बांधून घेतला. मनगट नीट बसणार नाही, असं वैद्य म्हणाला.

नाशकात परत आलो तेव्हा शेठ मडगार्डाभोवती दोनदा फिरला. मग त्याने चाचाचा हात पाहिला.

"एका हाताचा ड्रायव्हर मला काय कामाचा?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "त्याला उतरवणार असाल तर मलाही उतरवा."

फाटकाशी बसलेल्या माणसांकडे शेठने नुसतं वळून पाहिलं. त्यातले काही जण उठून उभे राहिले. घरात लहान पोर होतं. तरी शब्द मागे घ्यायला जीभ वळेना.

चाचाने माझ्याकडे बघितलंही नाही. तो लॉरीत चढला आणि डावीकडच्या जागेवर, माझ्या जागेवर बसला. दांडी तिथून त्याच्या उजव्या हाताला येत होती. त्याने बांधलेल्या हाताची बोटं तिच्या गोळ्यावर ठेवली.

"शेठ, उतारावर ही दांडी सुटते. सुटली तर काय व्हतं ते मडगार्डावर लिवलंय. पुढच्या बारीला डोंगर या अंगाला नसंल, दरी असंल. गाडी हा चालवील. ही धरून बसायला एक माणूस पायजे."

शेठने मडगार्डावरून हात फिरवला. गाडी दरीत गेलेली त्याला दिसली असावी. "क्लीनरचे पैसे देईन," तो म्हणाला. "आणि हंड्याचे कापून घेईन." फाटकाशी उभे राहिलेले पुन्हा खाली बसले. क्लीनरचे आणि ड्रायव्हरचे पैसे आम्ही एकत्र करून अर्धे-अर्धे वाटायला लागलो. त्यावरून चाचा पहिल्या वेळी माझ्याशी भांडला, पण पैसे त्याने घेतले.

पुढच्या फेरीला इगतपुरीनंतरही मीच चालकाच्या जागी होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती, भांडी किणकिणत होती. तो सौम्य सरळ तुकडा आला. माझा पाय क्लचवर गेला. इतकं होऊनही गेला. डावा हात दांडीकडे गेला आणि चाचाच्या हातावर पडला.

तो समोर रस्त्याकडे बघत होता. हात गार होता, मनगट वाकडं. त्या हातात जोर काही उरला नव्हता, मी ओढली असती तर दांडी सहज सुटली असती. मी पाय मागे घेतला, हात स्टेअरिंगवर ठेवला, आणि गाडी त्याच गिअरमध्ये कसाऱ्याला उतरली.