मिसळणाचा डबा आणि कोन्याक

माझी सून दुबई मरीनातल्या एका मोठ्या हॉटेलात वाइन निवडते, चाखते आणि पाहुण्यांना कुठल्या जेवणाबरोबर कुठली घ्यावी ते सांगते. आता हे वाक्य मी एका दमात लिहिलं, पण बारा वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा माझ्या घशातून ते निघत नव्हतं. "सून काय करते?" असं कोणी विचारलं की मी म्हणायची, "हॉटेलात असते. ज्यूसच्या सेक्शनला." आणि मनाला समजवायची की द्राक्षांचाच तर असतो, म्हणजे खोटं कुठे बोलले?

त्याआधीची मी तर विचारूच नका. तिशीत असताना आमच्या ह्यांच्या मित्राने परदेशातून कोन्याकची, म्हणजे उंची फ्रेंच ब्रँडीची, बाटली आणली होती. हे ऑफिसला गेल्यावर मी नाकाला पदर लावून ती अख्खी मोरीत ओतली. पदरातूनही वास आलाच. मनुका, मध आणि जुन्या लाकडी पेटीचा. तो मला आवडला, आणि आवडला म्हणून जास्तच राग आला. बाटली मात्र इतकी सुरेख होती की टाकवेना. ती घासूनपुसून तिच्यात मनीप्लांट लावला. त्याच संध्याकाळी मुलाला सर्दी झाली म्हणून औषधाच्या कपाटातली ब्रँडी चमचाभर पाजली. ती औषध, ही दारू. एवढं साधं कळत नव्हतं का ह्यांना!

तर आता मी मुलाकडे शारजात राहते. इथे दारूला बंदी, त्यामुळे सुनेचं काम दुबईत आणि घरात रिकामी बाटलीसुद्धा नाही. मागच्या थंडीत तिला ताप आला. ताप चार दिवसांत गेला आणि जाताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, रोज ओळखीचे वास घ्या.

ओळखीचे वास म्हटल्यावर मी मिसळणाचा डबाच काढला. रोज सकाळी ती डोळ्यांवर ओढणी बांधून बसायची, मी एकेक वाटी तिच्या नाकाखाली धरायची. जिरं, मेथी, धणे, लवंग, वेलची, गोडा मसाला, आणि मधल्या वाटीतला हिंग सगळ्यात शेवटी. आठवडाभरात ती सगळं बरोबर सांगायला लागली. मी तर हवेतच. मुलाला म्हटलं, "डॉक्टरला फी कशाला देता? मला द्या."

मग एका सकाळी मी डबा घासला आणि भरताना वाट्या मागेपुढे झाल्या. पहिलीच वाटी तिच्या नाकाखाली धरली.

"जिरं," सून म्हणाली.

वाटीत हिंग होता. चांगला उग्र, शेजारच्या खोलीतही कळेल असा.

नात टेबलाशी दूध पीत होती. ती म्हणाली, "आजी, शी कान्ट स्मेल. यू ऑलवेज गो इन द सेम ऑर्डर."

सुनेने ओढणी सोडली नाही. ओढणीखालून पाणी ओघळायला लागलं तेव्हा मला कळलं. नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडून आले तरी ती तशीच बसलेली.

"अगं, मला कशाला फसवलंस?"

"तुम्ही इतक्या खूश होत होतात, आई." मग म्हणाली, "कामावरही तेच करतेय. लेबल वाचते आणि आठवणीतून बोलते. कधी कधी बूच खराब असतं, मग वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तशी बाटली मी परत पाठवायची असते. काल तशीच एक गेली माझ्या हातून. पाहुण्याने एक घोट घेतला, ग्लास बाजूला ठेवला आणि वर मलाच थँक्यू म्हणाला."

"साहेबांना सांग."

"सांगितलं की संपलं. नाक नसेल तर मी कोण तिथे?"

ह्यावर शहाणपणाचं काहीतरी बोलावं असं वाटलं, पण मला आठवला तो ज्यूस. म्हटलं, "बारा वर्षं मी तुझं काम लपवलं. आता तू नाक लपवतेस. एका घराला एवढं पुरे. खलास."

ती रडता रडता हसली. "ज्यूस मला माहीत होता, आई. तुमच्या नणंदेनेच विचारलं होतं, कुठला ज्यूस म्हणून."

तिने साहेबांना सांगितलं. काढलं नाही, पण चाखायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि ती टेबलं बुक करायच्या फोनवर बसली. रोज घरी येताना तिचा चेहरा बघवत नव्हता. सकाळचा डबा मात्र चालूच राहिला. आता मी वाट्या रोज बदलायची आणि ती रोज म्हणायची, "माहीत नाही." ते ऐकणं कठीण होतं, पण खरं होतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी ती मला हॉटेलात घेऊन गेली. "बाटल्या समोर ठेवून एकदा बघायचंय, आई. बरोबर तुम्ही हव्यात." तिने बजावलं होतं, चाखायच्या खोलीत सुगंध चालत नाही. मी पावडर लावली नाही, गजरा घातला नाही, साधं खोबरेल तेलही नाही. शारजाहून दीड तास ट्रॅफिकमध्ये मी अशी बोडकी बसून होते.

खोलीत बाटल्याच बाटल्या. मी विचारलं, "अगं, जगभरातली माणसं ह्या वाळवंटात येऊन फ्रान्सचीच का मागतात?"

"शारजाच्या बाजारात तुम्ही पेटीवर देवगड लिहिलंय का ते का बघता?"

"कारण देवगडचा तो देवगडचा."

"तसंच. तेही त्या गावाचंच नाव मागतात. तिथली माती, तिथला उतार. कित्येकांनी ते गाव पाहिलेलंही नसतं."

मग तिने छोट्या ग्लासात कोन्याक ओतली. "प्यायची नाही. नुसती हुंगा."

मी हुंगली. मनुका, मध, जुनी लाकडी पेटी. चाळीस वर्षं मागे, मोरीसमोर उभी असलेली ती नाकाला पदर लावलेली बाई मला दिसली. तिला एक चापट द्यावीशी वाटली. मोरीची गोष्ट मी सुनेला पहिल्यांदाच सांगितली.

"अख्खी बाटली?" तिला हसू आवरेना. मग माझ्या हातातून ग्लास घेऊन तिने स्वतः हुंगला. थांबली. पुन्हा हुंगला आणि नाही म्हणून मान हलवली. मी दुसरीकडे बघायला लागले.

ग्लास ठेवून ती मला धीर द्यायला जवळ आली. म्हणजे बघा, धीर कोणी कोणाला द्यायचा! तिने माझा हात धरला आणि एकदम कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, आज आमटीला हिंग जास्त पडला होता?"

मी हात नाकाशी नेला. सकाळच्या फोडणीचा हिंग, दोनदा साबण लावूनही बोटांत बसलेला. नियमाप्रमाणे त्या खोलीतून मला ताबडतोब बाहेर काढायला हवं होतं.

तिने माझा हात सोडलाच नाही. तोंडावर धरून हुंगत राहिली.