जप्तीतली नाव

खरं सांगायचं तर वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी हसायला वाचतो. वळणावर लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतली पैंजणं... कट्ट्यावर म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी मिळून खिल्ली उडवायची. आम्ही बौद्ध. धर्मांतर झालं तेव्हा वडिलांनी घरातले देव, टाक, अंगाऱ्याची डबीसुद्धा गोदावरीत सोडून दिली होती. त्यात माझी सगळी नोकरी इन्स्पेक्शन डिपार्टमेंटला गेली. जे मोजता येत नाही ते नसतंच, असा माझा तोरा. आता जे लिहितोय ते मी स्वतः मोजलेलं आहे. हसायचं तर खुशाल हसा.

साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. मी आणि माझा थोरला भाऊ किसनदादा, परभणीकडून पिंपरीला कारखान्यात लागलो होतो. पिंपरीत भाडं झेपेना म्हणून कुरुळीत खोली घेतलेली. शेतांमधून चालत खाली इंद्रायणीवर यायचं, नावेनं पलीकडे तळवड्याच्या अंगाला उतरायचं आणि तिथून सायकल. हमरस्त्याच्या पुलावरून गेलं तर केवढा तरी वळसा पडायचा, त्यामुळे शिफ्टची बरीच माणसं नावेनंच जायची.

दादा प्रेसशॉपला होता. एकदा सेकंड शिफ्टला प्रेसनं डबल स्ट्रोक मारला, एकदा दाबल्यावर दोनदा खाली आला, आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. कंपनीनं नुकसानभरपाई दिली आणि 'तुमच्याजोगं काम नाही' म्हणून घरी बसवलं. पस्तिशीचा माणूस... वहिनी सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायच्या आणि तो तेवढा वेळ भिंतीकडे बघत राहायचा. मला ते बघवायचं नाही.

अशात कळलं की एका सोसायटीनं कर्ज थकलं म्हणून घाटावरच्या बाबू कोळ्याची नाव जप्त केली आहे आणि तिचा लिलाव आहे. दादा उठूनच बसला. गावाकडे लहानपणी त्यानं गोदावरीवर तरीवाल्याच्या हाताखाली नाव चालवलेली. म्हणाला, "नाव रेटायच्या बांबूला पाच बोटं लागतच नाहीत रे. खांदा लागतो." त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी कितीतरी दिवसांनी ऐकत होतो.

लिलावाला घाटावर सगळं गाव जमलं, पण बोली एकाचीही नाही. आम्ही येडे, आम्हाला वाटलं आपलं नशीब उघडलं. आपल्यातल्या माणसाच्या जप्तीच्या मालाला गावानं हात लावायचा नाही, हा तिथला रिवाज. तो आम्हा बाहेरच्यांना कोण सांगणार? सोसायटीचे चेअरमन पान चघळत म्हणाले, "घ्या हो किसनराव. शिफ्टची माणसं रोज येत्यात, जात्यात. घरबसल्या रोजी हाय."

"नावेत काही खोट?" मी विचारलं.

"सागवान हाय. खोट माणसात असती, लाकडात न्हाई."

सेक्रेटरी कागदातून मान वर काढत नव्हता. तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण नाही ओळखलं. दादाच्या भरपाईचा सगळा पैसा त्या नावेत गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाबू कोळी तिथंच बसला होता. त्यानं स्वतःच्या हातानं बांबू दादाकडे दिला आणि म्हणाला, "जड हाय, जपून." शाप नाही, शिवी नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं वाचून तुम्ही तेच धरून बसाल.

गाव आमच्या नावेत बसेना. जप्तीमुळे बसेना की आमच्या जातीमुळे, ते तोंडावर कुणी बोललं नाही. कंपनीची माणसं मात्र बसायची. दिवाळी झाली, पाणी उतरलं, तशी गावची माणसं नावेच्या शेजारून कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चालत जायची, पण आमच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. दादाला त्याचं काही नव्हतं. तो आता गुणगुणायचा. बटणं स्वतः लावायचा, वेळ लागला तरी. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, माणूस परत आला बघा आपला."

पौषात एका सकाळी दादा लवकर घरी आला आणि दाराशीच बसला.

"मधोमध गेलं की तळ लागंना गेलाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बांबू घालतो. जातच राहतो खाली. मुठीपर्यंत जातो, तरी लागत नाही. वाहत वाहत पुढे गेलो की मग लागतो. चार दिवस झाले. मला वेड लागलंय का रे?"

मी हसलो नाही, पण मनात म्हटलं, हात. दोन बोटांच्या हातात बांबू तिरका जात असणार. आमच्या सुट्टीचा वार गुरुवार. त्या गुरुवारी मी सुताची दोरी घेतली, कंपनीच्या स्टील टेपनं मोजून फुटाफुटाला गाठी मारल्या, चाळीस गाठी. खाली वजनाला कंपनीतलं एक रिजेक्ट झालेलं लोखंडी कास्टिंग बांधलं. लख्ख ऊन होतं. नावेत आम्ही दोघंच.

मध्यावर आलो. तीन-चार हातांवरून गावातला एक माणूस चालत चालला होता, पाणी त्याच्या कमरेला. दादानं बांबू घातला... आणि तो खरंच खाली गेला. सगळा. दादाची मूठ पाण्याला टेकली. मी दोरी सोडली. गाठी हातातून सरकत गेल्या—दहा, वीस, तीस. चाळिसावी गाठ बोटांत अडकली तरी कास्टिंग खालून ओढतच होतं. तोवर तो माणूस पलीकडच्या काठावर पोचून धोतर पिळत होता.

मी दोरी वर घेतली. धारेनं नाव थोडी खाली सरकली, बांबू टेकला, तशी दादानं ती काठाला लावली. मग मी एकटा पाण्यातून चालत तिथंच गेलो. पायाखाली गोटे होते. दोरी सोडली, तिसऱ्या गाठीला वजन टेकलं. दादाला नाव माझ्याशेजारी आणायला सांगितली, वर चढलो, त्याच जागी तीच दोरी पुन्हा सोडली. चाळीस फूट... आणि तळ नाही. मी दोरी वर ओढून गाठी पुन्हा मोजल्या; चाळीसच.

दादा मात्र माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं," एवढंच म्हणाला. नाव वाया गेली, पैसा वाया गेला, त्याचं त्याला काही नाही. भावानं मोजलं, खातरी झाली, बास.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत सोसायटीत गेलो. चेअरमन आणि सेक्रेटरी दोघंही होते. मी म्हटलं, "नावेची तक्रार आहे. मधोमध गेल्यावर—" तोच सेक्रेटरी बोलून गेला, "पुन्हा तळाचंच का?"

चेअरमननी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून बाहेर गेला. म्हणजे ही तक्रार आधीही आली होती, यांना ठाऊक होतं. माझ्या भावाची बोटं विकून आलेला पैसा यांनी ठाऊक असताना घेतला. मी काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. चेअरमन शांतपणे सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तुमी शिकल्यालं माणूस. असलं बाहेर बोलू नका. लोक हसतील त्ये सोडा, नावंला गिऱ्हाईक मिळायचं न्हाई. मी आणतो गिऱ्हाईक. तुमी फकस्त गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

पंधरा दिवसांनी ते दौंडकडचा एक मासेवाला घेऊन घाटावर आले. सोबत बाबू कोळी. बाबूनं नाव मधोमध नेली, बांबू घातला. खट्. तीन फुटांवर तळ. पुन्हा घातला. खट्. काठावर गाव उभं होतं, त्यातली दोघं-तिघं हसली. बाबू बिचारा खालीच बघत होता.

मासेवाल्यानं विचारलं, "मग विकताय कशापायी?"

दादा पुढे झाला. त्याला खोटं बोलणं जमायचंच नाही. म्हणाला, "पाव्हणं, घ्यायच्या आधी ऐका. माझ्या हाती या नावेतून तळ लागत नाही. मला खोटं वाटत होतं, पण माझ्या भावानं दोरीनं मोजलंय. तो कंपनीत इन्स्पेक्टर आहे. विचारा त्याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चेअरमन, मासेवाला, गाव. नाव विकली नाही तर दादाच्या हातात काय उरणार, असा विचार मी केला, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला लाज वाटली. मोजमाप करणारा शिकलेला माणूस आणि असलं काही बोलणार, चारचौघांत?

मी म्हणालो, "अपघातापासून असंच बोलतो तो. मनावर घेऊ नका."

दादानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मग वळून तो शेतांच्या वाटेनं घरी गेला. नाव ट्रकवर चढवायला तो थांबला नाही.

पुढे तो चाकणला कांद्याच्या वखारीवर राखणदार झाला. वीस वर्षं जगला, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. बटणं परत वहिनीच लावायच्या.

पुढे मी ओळखीच्या इंजिनिअरांना विचारलं. वाळूचा खड्डा असेल म्हणाले—मग मी उभा कुठं होतो? दोरी धारेनं वाहवत गेली असेल म्हणाले—पौषातल्या इंद्रायणीला कसली आलीय एवढी धार? मासेवाल्याकडून तक्रार कधी आली नाही. बाबू कोळ्याला एकदा गाठून विचारलं, तर म्हणाला, "माज्या हाताला लागतो. दुसऱ्याचं मला काय ठावं?" तुमच्यातल्या कुणाकडे उत्तर असेल तर कळवा, पण वाळूचा खड्डा म्हणू नका.

वहिनी आता माझ्याकडेच असतात. दादाचा विषय निघाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "बोटांबरोबर ह्यांचं डोकं बी गेलं होतं. नदीला तळच नाही म्हणायचे." मी शेजारी बसून चहा पीत असतो. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून तर हे इथं लिहायचं धाडस केलं.