एकाच नावाच्या दोघी

वाडी या उपनगरातल्या एका औषध कंपनीत मी ग्राहकांचे फोन घ्यायची. औषधं आमच्या गोदामातून निघत, पण घरोघरी पोचवायचं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं. रोज सकाळी आमच्याकडची नावं-पत्ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जात. तिथे एकाच नावाची दोन माणसं आली, की दोघांना एकच धरून एकाचा पत्ता पुसला जाई.

हे मी साहेबांना सांगितलं होतं. नुसत्या नावावर जाऊ नका, मोबाइल नंबरही जुळवा, पाठवण्याआधी आपणच तपासू.

"तपासायचं काम त्यायचं आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?"

तिकडच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्याकडून जे येते, तेच आम्ही टाकतो."

ऐन उन्हाळ्यात रामटेकच्या एका निवृत्त शिक्षिकेचं इन्सुलिन शहरातल्या जरीपटका भागात, त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या बाईंच्या दारात गेलं. त्या गावाला गेलेल्या. खोकं व्हरांड्यात तापत पडलं. आमच्या स्क्रीनवर मात्र 'पोचलं' असं दिसत होतं. शिक्षिकाबाई फोन करत, आणि आमच्यातलं कोणीतरी स्क्रीनवरचं वाचून त्यांना शेजारी विचारायला सांगे. आज येईल, उद्या येईल, म्हणत त्या थांबल्या. फोन माझ्याकडे आला तेव्हा त्यांचा मुलगा बोलत होता. आई दवाखान्यात भरती होती.

मी सुट्टी टाकून भेटायला गेले. बाईंनी पडल्यापडल्याच विचारलं, "माह्यं औषध गेलं कुठं वं?"

मी सगळं सांगितलं.

"मंग त्या बाईले तरी कामी पडलं का?"

"नाही. उन्हानं खराब झालं."

त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढे दोन्ही कंपन्यांची बैठक झाली. चहा-समोसे झाले. दोघांनीही आपापली माहिती बरोबर असल्याचं एकमेकांना पटवलं. शेवटी ठरलं, की सारख्या नावाच्या ग्राहकांनी यापुढे आपलं नाव थोडं वेगळं लिहावं. तपासणीचं मी पुन्हा काढलं, तेव्हा साहेब मोबाइल बघत होते. त्यानंतर मला फोनवरून काढून गोदामात बसवलं. मी नोकरी सोडली.

बाई वाचल्या, पण एकटं राहायची हिंमत गेली. मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. कंपनीतल्या मैत्रिणीकडून कळलं, की त्यांचं खातं बंद केलं आणि कारण लिहिलं, 'स्थलांतर'.