वेळेवर भरलेली सभा

व्यवस्थापनावर लिहायला बसलोय, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि मला अजून स्वतःचं कपाट नीट लावता येत नाही. अनुभवी माणसांच्या विषयात मी तोंड घालतोय, हे मला कळतं. तरी जे पाहिलं ते सांगतो.

मी इंजिनिअरिंग मॅनेजमेंट शिकत होतो. माझे वडील धायरीत गवंडीकाम करतात. त्यांना मी विषय समजावला: यंत्रं कळणाऱ्या माणसानं माणसं, वेळ आणि खर्च सांभाळायचा.

"म्हंजी मुकादम हाय की," ते म्हणाले.

"साधारण तेच."

"मग त्याला कालिज कशाला?"

वर्गातल्या बऱ्याच मुलांचे काका-मामा कंपन्यांत होते, त्यांची इंटर्नशिप घरी जेवताजेवताच ठरायची. आमच्यासारख्यांनी कारखान्यातला मॅनेजर पाहायचा तरी कुठे?

सदाशिव पेठेत अशा मॅनेजरांची एक संस्था आहे. मी तिचा विद्यार्थी-सभासद झालो. आमच्या कॉलेजात तिची शाखा निघाली, तर ही माणसं अधूनमधून आमच्यात येऊन बसतील, एवढीच माझी आशा होती. त्यासाठी वार्षिक सभेत ठराव मंजूर व्हायला हवा होता.

पहिल्या वर्षी नुसतं बघायला म्हणून सभेला गेलो, तर सभागृहात चिटणीस एकटेच.

"नवीन दिसता," ते म्हणाले.

"हो. कसं ओळखलंत?"

"वेळेवर आलात."

मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब केली आणि वर्तमानपत्र उघडलं. नियम असा, की तहकूब झालेली सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि तेव्हा गणसंख्या लागत नाही. सभासदांना तो पाठ होता. अर्ध्या तासाने मोजके लोक आले, सगळे ठराव चहा गाळून होईपर्यंत मंजूर झाले. जन्मभर कामगारांना भोंग्याला हजर राहायला लावलेली ही माणसं!

पुढच्या वर्षी माझा ठराव होता. तो भरल्या सभेत मंजूर व्हावा, म्हणजे त्याला वजन येईल, असं मला मनापासून वाटलं. निरोप पाठवायचं काम चिटणीसांनी माझ्याकडे दिलं होतं. मी ग्रुपवर लिहिलं, 'या वर्षी साबुदाणा वडे सभेच्या आधी. असतील तोवर.'

सभागृह वेळेआधीच भरलं. अध्यक्ष तेवढे सवयीने उशिरा आले आणि गर्दी पाहून चुकीच्या दारात शिरल्यासारखे बाहेर गेले. त्यांना परत आणावं लागलं.

वडे खाऊन ताजेतवाने झालेले सभासद मग माझ्या ठरावाकडे वळले.

"शाखा उघडाल, पण बंद कशी करायची ते लिहिलेलं नाही," उत्पादन विभागातून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या.

"अहो, आधी उघडू तर द्या!" मी म्हणालो.

"मी अख्खा कारखाना बंद केलाय. मला विचारा, घाई केली की काय होतं ते."

मग पाटी कुठे लावायची, सतरंज्या कुणाच्या, यावर दोन तट पडले. शेवटी उपसमिती नेमली गेली.

जिन्यात चिटणीस मला म्हणाले, "अहो, इथे ठराव झोपेत मंजूर होतात. तुम्ही लोकांना खायला घालून जागं केलंत."

उपसमितीने मला प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, त्यांनी उत्तरांवर प्रश्न विचारले. दरम्यान मी पास झालो. चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. साहेब तिथे मला अजून फक्त बघायला सांगतात. कॉलेजातल्या, माझ्या मागच्या वर्गातल्या दोन-तीन मुली शाखेचं काय झालं म्हणून फोन करायच्या, त्यांना मी उपसमितीचा ताजा प्रश्न वाचून दाखवायचो.

परवा जेवणाच्या सुट्टीत चिटणीसांचा फोन आला.

"अभिनंदन. शाखा मंजूर. तुम्ही आता विद्यार्थी नाही, तेव्हा तुम्हाला तीत घेता येणार नाही."

"चालेल, सर. मुलींना आजच कळवतो."

"थांबा. पहिल्या बैठकीला कारखान्यातला पाहुणा हवाय. सगळ्यांना विचारून झालं, कुणालाच सवड नाही. म्हणून तुमचं नाव घातलंय."