आतल्या पैलवानांचा खुराक

पोरांनो, जगातल्या झाडून सगळ्या सर्दी-पडशांनी कुणा एका माणसाचा धसका घेतला असेल, तर तो तुमच्या मोठ्या आजीचा, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की कोल्हापुरात थंडी उतरते आणि तिच्या पाठोपाठ जाऊबाई मैदानात उतरतात. डोक्याला लोकरीची टोपी, टोपीवरून पदर, कमरेला सुंठ-गुळाच्या गोळ्यांची पुरचुंडी आणि नजर अशी, की समोरच्याला आलेली शिंक अर्ध्या वाटेवरून परत जावी. त्यांना स्वतःला शिंकताना मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पाहिलेलं नव्हतं. का 'नव्हतं', ते पुढे येईलच.

त्यांचा सिद्धान्त असा, की प्रत्येकाच्या अंगात एक तालीम असते आणि तीत पैलवान राहतात. बाहेरून आजार आला की त्याला चीतपट करायचं हे त्यांचं काम. पण पैलवान म्हटला की त्याला खुराक हवा, झोप हवी, अंगावर ऊन हवं. मी एकदा नीट बसून त्यांना प्रतिकारशक्ती, पांढऱ्या पेशी वगैरे माझ्या इंग्रजी पुस्तकातलं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच की धाकटे. पांढऱ्या लंगोटातले पैलवान."

खुराक वाटताना त्या ओळख-पाळख पाहत नाहीत. एकदा आम्ही एसटीने जयसिंगपूरला एका लग्नाला निघालो होतो. मागच्या बाकावर कोणीतरी शिंकलं. जाऊबाई चालत्या गाडीत उठल्या, दांड्यांना धरत मागे गेल्या आणि त्या अनोळखी गृहस्थांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पावणं, तोंड उघडा." ते इतके दचकले, की त्यांनी खरंच उघडलं. गोळी आत गेली. हातकणंगले येईपर्यंत कंडक्टरसुद्धा घसा खाकरत आमच्या बाकापाशी घुटमळत होता. मी खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत बसले आणि या बाईंशी आपलं काही नातं नाही असा चेहरा ठेवला. तो फार वेळ टिकला नाही, कारण गोळ्या संपल्यावर त्यांनी मोठ्यांदा मलाच विचारलं, "तुझ्या पिशवीत हाईत का गं?" दुर्दैवाने होत्या.

उन्हाच्या बाबतीत तर त्या सूर्याच्या मागावरच असतात. त्यांची वेताची खुर्ची सकाळी ओट्यावर, मग परसात, दुपारनंतर गच्चीवर. पाहुणे आले तर त्यांचीही हीच वरात. पुतणीला बघायला आलेली मंडळी आठवतात मला. पोहे ओट्यावर झाले, पत्रिकेचं बोलणं परसात आणि होकार गच्चीवर. मुलाचे वडील जिने चढून दमले होते. "अहो, एका जागी बसून बोललो असतो," असं म्हणाले. "एका जागी बसून हाडं गारठत्यात," जाऊबाई म्हणाल्या, "आन् गारठल्या हाडानं कुणी व्हय म्हणत न्हाय." त्या माणसाने घाईघाईने व्हय म्हटलं. लग्न मात्र उत्तम लागलं.

आता खरी गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे थंडीचे दिवस म्हणजे फुटबॉलचे दिवस. पेठेपेठेची तालीम, तालमीतालमीचा संघ आणि पलीकडच्या पेठेशी सामना असला की सख्खे साडू एकमेकांशी बोलत नाहीत. काही वर्षांपूर्वी अंतिम सामन्याच्या सकाळी आपला गोलकीपर समीर, कोपऱ्यावरच्या शिंप्यांचा मुलगा, तापाने फणफणून पडला. बदली पोरगा उभा राहिला आणि आपण हरलो. पेठेने ते दुःख वर्षभर उगाळलं. पुढच्या वर्षी हंगाम सुरू झाला तशा जाऊबाई तालमीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "औंदा फायनलला ह्यातलं एक जरी पोरगं सर्दीनं घरात राहिलं, तर मी माडग्याचं पातेलं परत चुलीवर चढवणार न्हाय." माडगं म्हणजे हुलग्याच्या पिठाची गरमागरम पातळ पेज. ते पातेलं म्हणजे जाऊबाईंचा सगळा हिवाळा, हे मला माहीत होतं, म्हणून मला जरा धास्तीच वाटली.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. मी नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या कुठल्या कुठे गेल्या. 'साखर' लिहिलेल्या बरणीत डिंक, 'चहा' लिहिलेल्या बरणीत हळद. सकाळी सरावाहून घामेजून आलेली पोरं आधी अंग पुसून, टोप्या घालून, साबणाने हात धुऊन रांगेत बसायची. मग माडगं, बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, आवळा आणि शेवटी डिंकाचा लाडू. रात्री तालमीत मोबाईल जमा. "तू जागा म्हंजे आतले पैलवान बी जागे," त्या समीरला म्हणायच्या. "मग सकाळी कुस्ती कोण, तुझा बा धरणार?" आणि हे नीट लक्षात घ्या, की डॉक्टरांकडेही त्यांनी पोरांना स्वतःच नेलं. फ्लूची लस टोचवून घेतली आणि बाहेर येऊन निकाल दिला, "ह्यो बी खुराकच की. सुईतनं द्याचा."

पोरं टुणटुणीत राहिली आणि संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर पुन्हा तीच पलीकडची पेठ. सामना दोन दिवसांवर आला असताना सकाळी आमच्या ओट्याशी एक उंच पोरगा येऊन उभा राहिला. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आवाज पार बसलेला. "आज्जी," तो खरखरत म्हणाला, "माडगं मिळंल का?" जाऊबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मीही पाहिलं. तो पलीकडच्या पेठेचा गोलकीपर होता.

जाऊबाईंनी आपली खुर्ची त्याला दिली, उन्हाकडे वळवून. वाटीभर माडगं दिलं, वर लाडवांचा डबा दिला. तो गल्लीच्या टोकाशी पोचायच्या आत आपल्या तालमीचे अध्यक्ष दारात हजर.

"आज्जी, त्यो त्यांचा गोली हाय."

"ठावं हाय की."

"मग खुराक दिलासा?"

"नाक गळतंय त्येचं. नाकावर पेठेचा शिक्का असतोय व्हय?"

"आन् परवा त्यानं आमचे गोल अडिवले म्हंजे?"

"मग तुमी जरा नीट मारा."

अध्यक्ष पाय आपटत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं भरलेलं राहिलं. एकही पोरगा आला नाही. आदल्या दिवशी आपल्या पोरांना घरी दिलेले डबे मात्र कोणीतरी ओट्यावर गुपचूप ठेवून गेलं होतं, लाडू तसेच. जाऊबाईंची खुर्ची मात्र सूर्य सरकला तरी ओट्यावरच राहिली, सावलीत. इतक्या वर्षांत मी त्यांना सावलीत बसलेलं पाहिलं नव्हतं. मी शाल आणून दिली तर म्हणाल्या, "राहू दे धाकटे. पातेलं घासून माळ्यावर टाक."

मी पातेलं उचललं, तेवढ्यात समीर आला. एकटाच. पायरीवर बसला आणि खाली बघत म्हणाला, "आज्जी, गेल्या साली मी तापानं पडलो, तवा पेठेतलं कोण फिरकलं न्हाय. सगळी हारल्याचं रडत बसलेली. ह्योच तेवढा आलता मला बघायला. मोसंबी घेऊन." मग माझ्या हातातल्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाय का सांडलासा?"

होतं. तो दोन वाट्या प्यायला आणि मग गल्लीत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, दुपारपर्यंत सगळा संघ टोप्या घालून रांगेत. सर्वांत मागे अध्यक्ष. जाऊबाईंनी त्यांना लाडू देताना फक्त एवढंच म्हटलं, "चावून खावा. डिंक हाय."

सामन्याला मी पहिल्यांदाच स्टेडियममध्ये गेले. जाऊबाईंनी उन्हाची बाजू पकडली होती. दोन्ही गोलकीपर असे खेळले, की मला खेळ कळत नसूनही मी उभी राहिले. पलीकडच्या त्या पोराने आपले गोल अडवले, एकामागून एक, आणि प्रत्येक वेळी आपली पेठ वळून जाऊबाईंकडे रागाने बघे. त्या टाळ्या वाजवत होत्या. बरोबरी झाली, पेनल्टी आल्या. शेवटची पेनल्टी त्यांची होती. समीरने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरूनच खाली आला. पुढे काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण माझा चष्मा कोणाच्या तरी खांद्यावर गेला होता.

हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता आणि त्यातून दोघे गोलकीपर जाऊबाईंच्या पाया पडायला आले. "आदी घाम पुसा," त्या म्हणाल्या, "टोप्या कुठं हाईत?" एवढं बोलल्या आणि शिंकल्या. खणखणीत. हलगी थांबली. जाऊबाईंनी पदराने नाक पुसलं आणि सगळ्यांवर नजर फिरवली. "गुलाल हाय त्यो," त्या म्हणाल्या, आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

आता शेजारी उंच इमारत झाली आहे. ओट्यावर ऊन येत नाही, परसातही नाही, आणि जाऊबाईंना जिना चढवत नाही. म्हणून रोज सकाळी ते दोघे गोलकीपर येतात, दोन पेठांचे दोघे, आणि खुर्ची त्यांच्यासकट उचलून गच्चीवर नेतात. लाडू मी वळते, त्या गच्चीवरून आकार चुकल्याचं सांगतात. या पत्रासोबतच्या डब्यातले काही वेडेवाकडे आहेत, ते माझे.

ऊन अंगावर आलं की त्या रोज मला विचारतात, "पोरांकडं ऊन पडलं का गं?" मी फोनवर तुमच्या तिकडच्या गावाचं हवामान उघडून पाहते. तिथे बहुतेक वेळा बर्फ असतो, आणि रात्र. मी म्हणते, "पडलंय, चांगलं स्वच्छ पडलंय." मग त्या डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकतात. तुम्ही फोन कराल तेव्हा तुम्हालाही विचारतील. तुम्हीही पडलंय म्हणा. फक्त फोनसमोर येताना टोप्या घालून या.