शुक्रवारचं विमान

माझा हा मित्र आणि मी शहागंजच्या मागच्या एकाच गल्लीत वाढलो. त्याच्या घराची आणि आमच्या घराची एक भिंत सामाईक होती. सातवीत असताना त्याचे मामू सौदीतल्या जिद्द्याहून सुट्टीवर आले आणि त्याच्यासाठी एक चपटा खोका घेऊन आले. खोक्यावर ढगांतून झेपावणारं विमान रंगवलेलं होतं. आत पाहिलं तर राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लटकलेले चिमुकले तुकडे. मला वाटलं, येताना सामानात मोडलं असणार. त्यानं आतला कागद उलगडून पाहिला आणि म्हणाला, "टूटा नाय रे. ये अपन को बनाने का है."

त्यानंतर मामू दर वर्षी एक किट आणत. गच्चीवर पोतं अंथरून आम्ही बसायचो. तुकडे ब्लेडनं सोडवायचे आणि पॉलिश पेपरनं घासायचे, हे माझं काम. जोडायचं, रंगवायचं, विमानाच्या पोटात जे काय बसवायचं असेल ते बसवायचं, हे त्याचं. मी कधी गोंदाच्या ट्यूबला हात लावला तर तो माझा हात बाजूला करायचा. रागानं नाही, पण करायचा. अशी पाच विमानं आम्ही केली. सहावं किट आलं त्या वर्षी मामू त्यालाच सोबत घेऊन गेले, एसी दुरुस्तीच्या कामाला. जाताना तो खोका माझ्याकडे देऊन गेला. "मेरे बगैर खोलू नको," एवढंच म्हणाला.

मी नाही उघडला. लग्न झालं, शहागंज सोडून सिडकोत घर घेतलं, पैठण रोडला चितेगावच्या एका कंपनीत तपासणी विभागात सगळी नोकरी झाली. माल मापात आहे की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. खोका कपाटावर होता. मित्र दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर यायचा, भेटायचा, दर वेळी खोक्याची चौकशी करायचा. पण सुट्टीत कधी बहिणीचं लग्न, कधी घराचं बांधकाम, कधी अम्मीचं आजारपण. पुढच्या वेळी बसू म्हणत चाळीस वर्षं गेली.

तो कायमचा परत आला आणि पाठोपाठ मी निवृत्त झालो, तेव्हा एक दिवस त्याचा फोन आला. "अब नाय बनाये तो कब बनाना? जुम्मे को आ. खोका लेके आ."

आम्ही शुक्रवारी दुपारी, त्याची नमाज झाली की, त्याच्या पुढच्या खोलीत बसायला लागलो. खोका उघडला तेव्हा जुन्या वहीचा येतो तसा वास आला. दोन जेट इंजिनांचं जुनं बॉम्बर विमान होतं, आपल्या हवाई दलातही एके काळी होतं ते. प्लास्टिक पिवळट पडलेलं. गोंदाची ट्यूब दगड झालेली. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं पाण्यात टाकताच भुगा झाली. कृतीच्या कागदाचा एक कोपरा कसरीनं खाल्लेला. मला काही चिंता वाटली नाही. तो होता ना.

पाच शुक्रवार आम्ही बसलो. माझ्या मुलीनं पातळ गोंदाची बाटली मागवून दिली होती, झाकणालाच बारीक ब्रश असलेली. हा गोंद चिकटवत नाही. दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. त्यामुळं लावायच्या आधी दहादा विचार करायचा, असं तो सांगायचा. मी दोन-दोन चष्मे बदलत तुकडे सोडवत होतो आणि त्याचे हात मात्र सातवीतल्यासारखेच स्थिर होते. वैमानिकाची खुर्ची, आतली फळी, चिमटीतही न सापडणारं सुकाणू, सगळं त्यानं बसवलं आणि रंगवलं. पोटाचे दोन अर्धे भाग त्यानं मिटवून पाहिले, रबरबँड लावला, परत काढला. मी म्हणालो, "आता चिकटवून टाक की."

"घाई कायको करता मियाँ? अगले जुम्मे को देखेंगे. एक काम बाकी है इसमें."

कोणतं काम ते मी विचारलं नाही. भाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, चहा आणला आणि बोलणं दुसरीकडं गेलं.

पुढच्या बुधवारी सकाळी तो दात घासताना बेसिनपाशी खाली बसला तो उठलाच नाही. डाव्या मेंदूत गुठळी झाली होती. सोळा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, आणि बोलणंही गेलेलं. अगदी सगळं नाही. एक शब्द राहिला होता, हौ. आमच्याकडं हौ म्हणजे होय. पण तो शब्द त्याच्याकडं होकार म्हणून राहिला नव्हता, नुसता आवाज म्हणून राहिला होता. पाणी पाहिजे का, हौ. नको का, हौ. मी कोण आहे ओळखलं का, हौ. मान हलवण्याचंही काही खरं नव्हतं. हो म्हणायचं असलं तरी कधी आडवी हलायची. समजत त्याला सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं. बाहेर येताना वाट चुकायची.

वाचा सुधारण्यासाठी एक मॅडम घरी यायच्या. त्यांनी चौथ्या महिन्यात मला विचारलं, "तुम्ही दोघं मिळून काही करायचात का? सवयीचं काम समोर असलं की कधीकधी शब्द येतो." मी खोका घेऊन गेलो.

टेबलावर मी सगळं मांडलं तेव्हा तो खुर्चीत पुढं सरकला. डाव्या हातानं त्यानं एकेक तुकडा उचलून पाहिला. मला फार बरं वाटलं. मी म्हणालो, "आज पोट मिटवू. तू बघ, मी लावतो." आयुष्यात पहिल्यांदा गोंद माझ्या हातात होता.

"हौ," तो म्हणाला. मी बाटली उघडली.

"हौ, हौ," आवाज चढला. त्यानं डावा हात उचलला आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. परत ठेवलं. नाक दाबलं.

भाभी रुमाल घेऊन आल्या. "सर्दी हुई है इनको परसों से," म्हणत त्यांनी त्याचं नाक पुसलं. त्यानं मान झटकली, त्यांचा हात ढकलला आणि पुन्हा नाकाला बोट लावलं. भाभींनी पुन्हा पुसलं. मग त्यानं विमानाचा अर्धा भाग माझ्यासमोरून ओढला आणि त्याचं पुढचं टोक बोटानं टेबलावर दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

मला वाटलं, विमान उतरवतोय. माझा हा मित्र, ज्यानं परदेशात एसीचे मोठाले प्लांट दुरुस्त केले, त्याला मी लहान मुलाला करतात तसा तोंडानं विमान उतरल्याचा आवाज काढून दाखवला. आणि म्हणालो, "वा, मस्त उतरलं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी तो थकवा समजलो. काठाकाठानं गोंद लावला, पोट मिटवलं, रबरबँड चढवला. सांधा छान बसला होता. मी त्याला दाखवलं तेव्हाही तो म्हणाला, "हौ."

पुढचे शुक्रवार तो खिडकीबाहेरच बघत असायचा. मी पंख लावले, इंजिनं लावली, चंदेरी रंग दिला. मॅडमना सांगितलं की काम चालू आहे. त्या म्हणाल्या, चालू ठेवा. मला आत कुठंतरी आनंदही होत होता, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं घासायचं काम केलेल्याला जोडायला मिळत होतं.

शेवटी चाकं लावली. दोन पंखाखाली, एक पुढं टोकाखाली. गोंद वाळल्यावर मी विमान टेबलावर उभं केलं आणि हात काढला. विमान मागं झुकलं आणि शेपटीवर बसलं, पुढचं चाक हवेत. मी धरून सरळ केलं. परत बसलं. चाकं वाकडी लागली असतील म्हणून बघितलं. माझं आयुष्य मापं घेण्यात गेलं, चाकं सरळच होती.

तेव्हा मला कळलं. पुढं चाक असलेल्या विमानाच्या टोकात, पोट मिटवायच्या आधी, काहीतरी जड घालावं लागतं. लहानपणीच्या विमानांत ते तोच घालायचा, शिसं म्हणा, छर्रे म्हणा, माझ्या नकळत. कागदावर ते लिहिलेलं असणार त्या कसरीनं खाल्लेल्या कोपऱ्यात. नाक. तो सांगत होता नाक, विमानाचं नाक, नाकात वजन घाल, टोक खाली दाबून दाखवत होता. आणि आम्ही दोघांनी त्याचं नाक पुसलं.

मी त्याच्याकडं बघितलं. तो विमानाकडं बघत होता.

"हेच सांगत होतास का?" मी विचारलं.

"हौ."

त्या हौवरून मी काय समजायचं होतं? पण त्या वेळी मला तो खराच वाटला. मला तिथं बसवेना. मी म्हणालो, "थांब, उघडतो. उघडून वजन घालतो, परत लावतो." ब्लेड काढलं. त्याला विचारलं, "उघडू ना?"

"हौ." आणि मान आडवी हलली.

मी थांबायला पाहिजे होतं. भाभी दारातून म्हणाल्या, "रहने दो भाईजान, ऐसाच अच्छा दिखता." मी ऐकलं नाही. चूक माझी होती आणि ती मला त्याच्यासमोरच दुरुस्त करायची होती. टोकाच्या खालून मी सांध्यात ब्लेड घातलं. पण तिथं सांधा राहिलाच नव्हता, प्लास्टिक एकजीव झालेलं. जरा जोर दिला आणि कपाचा टवका उडावा तसा आवाज झाला. वैमानिकाच्या काचेपासून पंखाच्या मुळापर्यंत तडा गेला. त्यानं बसवलेली खुर्ची आत सुटली आणि खुळखुळली.

तो रडायला लागला. मोठ्यानं, तोंड वाकडं करून, लहान मुलासारखा. भाभींनी त्याचं डोकं पोटाशी धरलं. मी ब्लेड हातात घेऊन उभा होतो. थोड्या वेळानं त्या मला म्हणाल्या, "आप दिल को मत लगा लो. आजकल कुछ भी हुआ तो रोते. टीवी पे जाहिरात देखके भी रोते. डॉक्टर बोले, बीमारीच ऐसी है."

त्यांना माझी समजूत घालायची होती. पण त्या बोलण्यानं माझा उरलासुरला धीरही गेला. तो विमानासाठी रडला की माझ्यासाठी, की नुसताच रडला, हे मला कळणार नव्हतं. रागावला असता तर माफी मागता आली असती. मी त्याचा डावा हात धरून म्हणालो, "चुकलं रे माझं. आधीही चुकलं." तो म्हणाला, "हौ." रडत होताच.

मॅडमना मी फोन करून सगळं सांगितलं. बोट नाकावर ठेवल्याचं त्यांनी मला परत सांगायला लावलं. मग म्हणाल्या, म्हणजे त्यांनी बरोबर खूण केली होती, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यांच्या दृष्टीनं होती. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यानंतर त्यांनी चित्रांची एक पाटी आणून दिली, पाणी, जेवण, दुखतंय, पंखा, असली चित्रं असलेली. तो बोट ठेवतो, बरेचदा भलत्याच चित्रावर, आणि आपलं चुकलं हे त्याला लगेच कळतं. तेव्हा तो पाटी उलटी ठेवतो.

आणखी एक किट मागवावं का, असं मुलगी म्हणाली. जुनी किटं विकणारे लोक आता सापडतात म्हणे. मी नको म्हणालो. तडा गेलेलं विमान भाभींनी कुठं ठेवलं ते मी विचारलेलं नाही.

शुक्रवारी मी जातो. नमाज पढून माणसं परतत असतात तेव्हा गल्लीत शिरतो. तो पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेला असतो, दाढी केलेली, स्वच्छ सदरा. मी पेपर वाचून दाखवतो. पाणी किती दिवसांनी आलं, कुठला रस्ता खोदलाय. मध्येच तो काहीतरी सांगायला लागतो, हात उचलतो, भुवया उचलतो, हौ हौ म्हणतो. मी पेपर खाली ठेवतो आणि विचारत जातो. पंखा? दिवा? पाय दुखतोय? तुझ्या मुलाबद्दल काही? मामूंबद्दल? जिद्द्याचं काही? प्रत्येकाला हौ येतो. गेल्या शुक्रवारी असे वीसेक प्रश्न विचारले. मग तो दमला, मीही दमलो, आणि भाभींनी चहा आणला.