चहा पाजणाऱ्यांची मतं

महापालिकेच्या निवडणुकीला माझी मैत्रीण अपक्ष उभी राहिली, तेव्हा मी आधी तिला वेडी म्हटलं आणि मग तिच्या प्रचाराची प्रमुख झाले. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या. प्रमुखपद मला मिळालं कारण दुसरं कोणी घेईना, आणि तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या बाईला रिकामी खुर्ची दिसली की राहवत नाही.

आमची गल्ली पेठेतली. मंडईपासून चालत सात मिनिटं, पिशवी जड असेल तर बारा. गल्लीच्या तोंडाशी मैत्रिणीचं पोळी-भाजी केंद्र आहे. वीस वर्षं ती गल्लीला पोळ्या पुरवते आहे आणि वीस वर्षं मी तिला सांगते आहे की भाजीत मीठ कमी असतं. गेली तीन वर्षं मात्र तिने एक जादा उद्योग मागे लावून घेतला होता. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं, तेही करंगळीएवढ्या धारेने. खडकवासला भरून वाहत असलं तरी आमच्या बादलीला त्याची खबर नसते. त्यासाठी ही दर सोमवारी दुकान अर्धं बंद ठेवून क्षेत्रीय कार्यालयात जायची, अर्ज द्यायची, आधीच्या अर्जाचं काय झालं ते विचारायची आणि हात हलवत परत यायची.

तिला निवडणुकीत ढकललं ते एका माजी नगरसेवकाने. मंडळाच्या कार्यक्रमात तिने उठून पाण्याचा विषय काढला, तर हे गृहस्थ माइकवरून म्हणाले, "ताई, पोळ्या छान करता, त्याच करा. उद्या उभ्या राहिलात तर तुमची स्वतःची गल्लीसुद्धा तुम्हाला मत देणार नाही." लोक हसले. हसणाऱ्यांत चार जण आमच्या गल्लीतले होते आणि चौघांच्या घरी तिचा डबा जातो.

"निवडून येणार नाही एवढं मला कळतं," ती मला म्हणाली. "प्रभाग केवढा, मी केवढी. पण आपल्या गल्लीच्या मशीनमध्ये मी पहिली यायला हवी. नाही आले तर विषय संपला. ज्यांना मी नकोय त्यांच्या पाण्यासाठी मी कशाला चपला झिजवू?"

हे ती शांतपणे म्हणाली. ती चिडलेली असते तेव्हा मला काळजी वाटत नाही, त्या दिवशी वाटली.

मग फौज जमली. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही सहा बायका, दोन निवृत्त कारकून, आणि पुस्तकांचं बाइंडिंग करणारे चाचा. चाचांच्या घराण्याला गल्लीत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पिढ्या झाल्या आहेत आणि त्यांचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. तीन वाजता तवा थंड झाला की केंद्रात बैठक भरायची. पहिल्या बैठकीत पत्रकाचा मसुदा वाचला, दुसऱ्या बैठकीत तो कोणी लिहिला यावर वाद झाला, तिसऱ्या बैठकीत एक कारकून राजीनामा देऊन गेले आणि भजी तळल्याचा वास आल्यावर परत आले. निशाणी म्हणून मैत्रिणीला पोळपाट-लाटणं हवं होतं. मिळालं कपाट. त्यात एका प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाने चार बटणं दाबायची. त्यामुळे दारोदार जाऊन आम्ही सांगत होतो, "बाकीची तीन कुठलीही दाबा, तिसऱ्या गटातलं कपाट विसरू नका." गल्लीत नवीन सुताराचं दुकान निघालं की काय, असं एका आजोबांनी विचारलं.

खरं काम होतं मतदार यादीचं. कारकुनांपैकी एकांनी नोकरीत असताना निवडणुकीची ड्यूटी केली होती, त्यांनी पद्धत शिकवली. यादी घेऊन घरोघर जायचं, माणूस कसा बोलतो ते बघायचं आणि नावापुढे खूण करायची. आपला असेल तर बरोबर, त्यांचा असेल तर फुली, कळत नसेल तर प्रश्नचिन्ह. मतदानाच्या दिवशी बरोबरवाल्यांच्या मागे लागून त्यांना बाहेर काढायचं. फुलीवाल्यांच्या वाटेला जायचं नाही, झोपलेत तर झोपू द्यायचं. लाल पेन्सिल माझ्याकडे होती. माझ्या निकालावर अपील नव्हतं.

शेवटच्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एक नऊ मतांचं कुटुंब आहे. तिथे आमचं स्वागत असं झालं की मला वाटलं मीच उभी आहे. चहा आला, बाकरवडी आली. मोठे भाऊ हात जोडून म्हणाले, "ताई म्हणजे घरच्याच. सांगायला यायची काय गरज होती?" सुनेने आमच्याबरोबर फोटो काढला. मी जिन्यातच नऊ बरोबर ठोकले.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. जन्मभर पाण्याच्या पाइपांचं काम केलेला माणूस. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, लिफ्ट नाही, मुलगा परदेशात, घरात दोघं म्हातारी. त्यांनी आम्हाला दारातच उभं केलं आणि पत्रक हातात घेऊन चष्मा पुसला.

"गल्लीच्या टोकाला टाकी बांधणार, असं लिहिलंय. कोणी सांगितलं?"

"आमच्या समितीने ठरवलं," मी म्हणाले.

"समितीत पाण्यातलं कळणारं कोण आहे?"

"आपण नाही आलात, म्हणून कोणी नाही."

"मला बोलावलं होतंत?"

इथून जो वाद सुरू झाला तो तासभर चालला. टाकी बांधून काही होणार नाही, मुख्य रस्त्यावरून आत येणारा पाइपच बारीक आहे, तो बदलायला हवा, हे त्यांनी मला चार वेळा सांगितलं. तुमच्या उमेदवार बाई तीन वर्षं चुकीचा अर्ज देताहेत, हेही सांगितलं. पाणी विचारलं नाही, बसा म्हणाले नाहीत. शेवटी पत्रक परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे दुरुस्त करून आणा." मी जिन्यात दोन फुल्या मारल्या, एक त्यांच्यापुढे आणि एक त्यांच्या बायकोपुढे. त्या बिचाऱ्या आतून एक शब्दही बोलल्या नव्हत्या. जाता जाता दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनाही फुली मिळाली, कारण दार उघडल्या उघडल्या त्या म्हणाल्या होत्या, "मतं मागायला जिना चढता, तशा एरवीही चढत जा."

खाली उतरल्यावर चाचांनी माझ्या हातातली यादी बघितली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही चहावर मतं मोजताय."

"मग कशावर मोजू?"

"तासभर कोण कोणाशी बोलतं हो? ज्याला काही घेणं नाही तो हो म्हणून दार लावतो."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही बाइंडिंग करा. असं मी म्हटलं होतं, हे इथे लिहिताना आज कान गरम होताहेत.

मतदानाच्या दिवशी आम्ही मतदान केंद्रापासून नियमाएवढ्या अंतरावर टेबल मांडलं. मतदारांना गाडीतून नेणं नियमात बसत नाही, म्हणून आम्ही हात धरून चालवत नेत होतो. सकाळभर मी बरोबरवाल्यांच्या घंट्या वाजवल्या. नऊ मतांच्या कुटुंबातल्या आजींना मी आणि चाचांनी दोन्ही बाजूंनी धरून आणलं, वाटेत तीनदा बसवलं, एकदा त्यांची चप्पल शोधली. मतदान झाल्यावर आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला भरून आलं. चार वाजता चाचा यादी बघत म्हणाले, "फुलीवाल्यांकडे एक चक्कर मारू का? वर इंजिनियरसाहेब आहेत, खुर्चीत बसवून खाली आणता येईल. दोघं लागतील फक्त."

"त्यांच्या मतांची हमाली आपण करायची?" मी म्हणाले. चाचांनी यादी टेबलावर ठेवली.

मतमोजणीला आमच्याकडून चाचाच आत बसले होते. प्रभागात काय झालं ते सांगण्यासारखं नाही, ती मोठी गाडी होती आणि आम्ही तिच्याखालची मुंगी. पण आमच्या गल्लीच्या मशीनचा आकडा त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणला. मैत्रीण दुसरी होती. पहिल्या आलेल्या पक्षाच्या उमेदवारापेक्षा दोन मतं कमी.

तिने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि फोडणीच्या डब्याखाली ठेवली. "बरं," म्हणाली. त्याच संध्याकाळी त्या पक्षाची विजयाची मिरवणूक गल्लीतून गेली. नऊ मतांच्या कुटुंबातले मोठे भाऊ गुलालात न्हालेले, गाडीवर पुढे उभे होते. मला बघून त्यांनी अगदी आपुलकीने हात हलवला. सून मागून फोटो काढत होती. त्यांच्या आजींची चप्पल मी गुडघ्यांवर बसून शोधली होती, ते आठवून मला इतका संताप आला की मी घरी जाऊन उगाचच सगळी भांडी घासली.

पुढचा सोमवार आला. मैत्रीण क्षेत्रीय कार्यालयात गेली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "कोणासाठी?" आणि पोळी उलटली. भाजीत मीठ व्यवस्थित होतं. मी तसं सांगितलं, तरी ती पुढची पोळी लाटत राहिली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हरलो तरी आभार मानायचे, असं तिने आधीच ठरवलं होतं, त्यामुळे आभाराची पत्रकं छापून पडली होती. ती वाटायचं काम मी अंगावर घेतलं. या वेळी खुणा न बघता सगळ्या दारांत गेले. तिसऱ्या मजल्यावर इंजिनियरांनी दार उघडलं, पत्रक वाचलं आणि म्हणाले, "आभार कसले? आम्ही मत दिलंच नाही."

"कल्पना आहे," मी म्हणाले.

"नाही, तुम्हाला कल्पना नाही. सकाळी आठला मी इस्त्रीचा शर्ट घालून त्या खिडकीत बसलो होतो. हिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तुमचं टेबल इथून दिसतं. तुम्ही समोरच्या इमारतीत तीन वेळा गेलात. आम्हाला वाटलं, आमचा नंबर शेवटी असेल. साडेपाचला हिने लुगडं बदललं." त्यांनी चष्मा पुसला. "फोन करायला हवा होता. पण तासभर तुमच्याशी बोललो होतो, मला वाटलं माझं मत तुम्हाला कळलं असेल."

"तुम्ही तर भांडत होतात," मी म्हणाले.

"मग काय त्या पक्षवाल्यांशी भांडू? ते आले, मी नमस्कार केला, चहा पाजला आणि वाटेला लावलं."

मी खाली आले. दुसऱ्या मजल्यावर थांबून घंटा वाजवली. त्या बाईंनी तर स्वतः जाऊन कपाटालाच मत दिलं होतं, आणि त्या मला ते अशा स्वरात सांगत होत्या की पुन्हा फुली मारावी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी बसले. मी स्वतः गोड बोलते ते ज्यांना टाळायचं असतं त्यांच्याशी, आणि ज्यांच्यावर जीव आहे त्यांचं मीठ काढते. साठी उलटेपर्यंत याच गावात राहून, असंच वागून, मी लाल पेन्सिल घेऊन नेमकं उलटं करत फिरले होते. मला रडू आलं, आणि पदर ओला झाल्यावर स्वतःची चीडही आली.

केंद्रात गेले तेव्हा मैत्रीण कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. फुल्यांचं, खुर्चीचं, चाचांना काय म्हणाले ते, इस्त्रीच्या शर्टाचं. लुगड्याचंही सांगितलं. तिचे हात परातीत थांबले.

"दोघांची दोन मतं," ती म्हणाली. "म्हणजे बरोबरी झाली असती."

"आणि ते नऊ जण मी बाहेर काढले नसते तर तू पहिली होतीस. आजी तर आपल्याआपण आल्याच नसत्या."

तिने परात जवळ ओढली. मला वाटलं, आता परात अंगावर येते.

"म्हणजे गल्लीने नाही," ती सावकाश म्हणाली. "तू पाडलंस मला."

"हो," मी म्हणाले.

तिने हात धुतले, पदराला पुसले. चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं होतं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

"पाइप बारीक आहे म्हणाले ना ते?" तिने फळीवरून अर्जांची फाइल काढली. "कणीक झाकून ठेव. मी वर जाऊन येते."

ती गेली. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून दोघांचे आवाज यायला लागले. ती म्हणत होती, तीन वर्षं कुठे होतात? ते म्हणत होते, तीन वर्षं विचारलंत का? गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की बाई कामात आहेत, तासभर लागेल.